दुखरा गुडघा : विश्रांतीकडून चालण्याकडे

दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलताना आपल्याकडे तीन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘गुडघे झिजले’, ‘वंगण संपलं’ आणि ‘गॅप कमी झाली’. तिन्ही वाक्ये यंत्राच्या भाषेतली आहेत. बेअरिंग झिजले की गाडी कमी पळवावी, हे शहाणपण यंत्रापुरते बरोबर. तेच गुडघ्याला लावले की पुढचा सल्ला आपोआप निघतो : चालणे कमी करा, जिना टाळा, बसून राहा. साठीनंतर, विशेषतः बायकांच्या, आयुष्याचा परीघ या सल्ल्याने किती आकसतो हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आधी देवळात जाणे सुटते, मग भाजी आणणे, मग शेजारपाजार. हा सल्ला आला कुठून, हे शोधताना जो इतिहास हाती लागला तो येथे मांडतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : गुडघ्याला सक्तीची विश्रांती देण्याचा आग्रह मुळात एका वेगळ्या रोगासाठी होता. तो रोग मागे पडला, आग्रह मात्र राहिला.

सुरुवात आपल्या घरापासून करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन आहे. सूज हाताला हवा भरलेल्या पखालीसारखी लागते आणि सांधा पसरताना व आखडताना वेदना होते. सुश्रुताने यावर स्नेहन, पोटीस, डाग देणे, बांधणे आणि मर्दन हे उपाय सांगितले. या यादीत व्यायाम नाही. व्यायामाची चर्चा सुश्रुत वेगळ्या ठिकाणी करतो आणि तेथे एक मार्मिक मर्यादा घालतो : आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. निम्मे बळ ओळखायचे कसे, तर श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की. हा नियम निरोगी माणसासाठी आहे. त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण मर्यादा घड्याळाने न ठरवता शरीराच्या खुणेने ठरवावी, ही कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

युरोपात १७४३ मध्ये विल्यम हंटर या तरुण शरीररचनाशास्त्रज्ञाने सांध्यातल्या कूर्चेवर एक निबंध सादर केला. कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, हा त्याचा निष्कर्ष वैद्यकावर दीर्घकाळ छाया टाकून राहिला. जे भरून येत नाही ते जपून वापरावे, असा अर्थ त्यातून सहज निघतो. एकोणिसाव्या शतकात याला दुसरे कारण मिळाले. तेव्हा रुग्णालयात येणारे सुजलेले गुडघे अनेकदा क्षयाचे असत. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये लावला आणि स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ उजाडले. तोवर औषध नव्हते. अशा काळात लंडनच्या जॉन हिल्टनने विश्रांती हाच सांध्याचा खरा उपचार असल्याचे आपल्या व्याख्यानांतून मांडले. ती १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस तर हाडवैद्यांच्या घराण्यातला. विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी, अशी त्याची शिकवण होती आणि त्यासाठी त्याने पाय जखडून ठेवणारी चौकट बनवली. ‘थॉमस स्प्लिंट’ हे नाव अस्थिरोगाच्या विभागात आजही चालते.

क्षयाने पोखरलेल्या सांध्याला थॉमसचा उपचार योग्यच होता. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण वयपरत्वे दुखणारा गुडघा हा निराळा विकार आहे, आणि विश्रांतीची शिस्त त्यालाही लागू झाली. १८९५ नंतर क्ष-किरण आले. कूर्चा त्या चित्रात दिसत नाही, दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते. मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये अशा चित्रांची प्रतवारी ठरवून दिली आणि ‘गॅप’ हा शब्द दवाखान्यातून घरोघर पोहोचला. प्रत्यक्षात चित्रातली गॅप आणि माणसाची वेदना यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही.

हालचालीच्या बाजूनेही एक प्रवाह वाहत होताच. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंगने १८१३ मध्ये व्यायामसंस्था काढली. त्याच शहरात गुस्ताव झांडर या डॉक्टरने १८६५ मध्ये तरफा आणि वजने लावलेली व्यायामयंत्रे रुग्णांसाठी मांडली. स्नायूवर किती भार पडतो हे त्यांत मोजता येई. फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनिएर हा शल्यविशारद मोडलेले हाडसुद्धा लवकर हलवावे असे म्हणत होता. त्यांची मते सर्वमान्य झाली नाहीत.

पारडे फिरले ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी लष्करी रुग्णालयांत मांडीचे हाड मोडलेले, गुडघा दुखावलेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत आणि त्यांच्या मांड्या वाळून जात. थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने त्यांना पायात लोखंडी बूट अडकवून, बसल्या जागी गुडघा सरळ करायला लावला आणि वजन हळूहळू वाढवत नेले. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. आधी तो दहा-दहाचे सात ते दहा फेरे करवून घेई; १९४८ मध्ये त्याने आणि वॉटकिन्सने ते तीनवर आणले. आज आपल्या गल्लीतला फिजिओथेरपिस्ट चिठ्ठीवर ‘दहा वेळा, तीनदा’ लिहितो, त्याचे मूळ येथे आहे.

‘कमी आघाताचा व्यायाम’ म्हणजे काय, हेही यातून कळते. आघात म्हणजे पाय जमिनीवर आदळणे. डिलॉर्मचा व्यायाम भारी होता, पण त्यात आदळआपट नव्हती. कमी आघात म्हणजे कमी मेहनत असा समज करून घेतला, की व्यायाम नावापुरता उरतो. हा शब्दप्रयोग रुळला १९८० च्या दशकात. केनेथ कूपरच्या १९६८ च्या पुस्तकाने ‘एरोबिक्स’ला नाव दिले, पुढे उड्या मारून नडग्या आणि गुडघे दुखू लागले, तेव्हा एक पाऊल सतत जमिनीवर ठेवणारा प्रकार निघाला. चालणे, सायकल, खुर्चीत बसून पाय उचलणे, पाण्यातला व्यायाम हे सारे त्यातच येतात. पाण्याचा हिशेब सोपा आहे : कमरेइतक्या पाण्यात पायांवर सुमारे निम्मे वजन येते, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश.

पण दुखरा गुडघा चालवला तर तो आणखी झिजणार नाही का? १९९२ मध्ये अमेरिकेत १०२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आठ आठवडे देखरेखीखाली चाललेल्यांचे सहा मिनिटांतले अंतर सुमारे ७० मीटरने वाढले. न चालणाऱ्यांचे थोडे घटले. १९९७ मध्ये साठीच्या पुढच्या ४३९ जणांचा दीड वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चालणारे आणि वजने उचलणारे, दोघांचाही त्रास नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा कमी झाला, आणि क्ष-किरण चित्रांत व्यायामामुळे बिघाड वाढल्याचे दिसले नाही. यात चमत्कार नाही : फायदा माफक असतो, आणि व्यायाम सोडला की ओसरत जातो. झिजलेली कूर्चा परत उगवत नाही. हंटर त्या बाबतीत फारसा चुकला नव्हता. त्याच्या निष्कर्षातून काढलेला अर्थ मात्र चुकला. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती दाबली जाते, उचलताना सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यात सांध्यातल्या द्रवातून तिचे पोषण होते. म्हणजे ‘वंगण’ चालण्याने संपत नाही, चालण्यानेच ते कामाला लागते. १९७० च्या दशकात टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टरने सशांवर प्रयोग केले, त्यांतही जखडलेल्या सांध्यापेक्षा हलता सांधा बरा ठरला.

भारतात हे शास्त्र आले ते मुलांसाठी. मुंबईत पोलिओने ग्रासलेल्या मुलांसाठी फातेमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये दवाखाना उभा केला. त्यांच्या मुलीलाच पोलिओ झाला होता. १९५२ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. याच महाराष्ट्रात औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, घोंगडी यांचा आधार देऊन न वाकणाऱ्या शरीरालाही आसनापर्यंत नेले. पण ‘व्यायाम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजून तालमीतला तरुण येतो, गुडघ्याला हात लावून उठणारी आजी येत नाही. शिवाय आपल्या गुडघ्याकडून मांडी घालणे, उकिडवे बसणे अशा वेगळ्या अपेक्षा असतात. गुडघा जितका दुमडावा तितका वाटीमागचा दाब वाढतो. म्हणून दुखत्या दिवसांत पाटाऐवजी खुर्ची घेणे शहाणपणाचे. खुर्चीत बसून राहणे मात्र नव्हे.

प्रश्न उरतो तो मर्यादेचा. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या व्यायामकार्यक्रमात रुग्णाला एक साधा नियम शिकवतात. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. पाचपर्यंत दुखले तरी चालेल, पण व्यायामाने वाढलेले दुखणे चोवीस तासांत पूर्वपदावर यायला हवे. आले नाही तर उद्याचा व्यायाम कमी करायचा, बंद नाही. सांधा गरम व लाल झाला, ताप आला किंवा पाय टेकवेनासा झाला तर डॉक्टरकडे जायचे. तेथे थॉमसची विश्रांती आजही लागू पडू शकते. एरवी खूण शरीरानेच द्यायची आणि माणसाने ती वाचायची. सुश्रुताने ती खूण श्वासात शोधली, डेन्मार्कवाल्यांनी दुसऱ्या दिवशीच्या गुडघ्यात. देवळापर्यंतचे अंतर आज अर्धेच जमले, तर उद्या सकाळी गुडघा काय म्हणतो ते ऐकून पुढचे पाऊल ठरवता येते.