इंडो-जॅझ व गोमंतकीय सॅक्सोफोनवादक

भारतीय रागसंगीत आणि आफ्रिकी-अमेरिकन जॅझ यांच्या संयोगातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी संमिश्र वादनशैली उदयास आली, तिला ‘इंडो-जॅझ’ ही संज्ञा रूढ आहे. भारतातील तिच्या आद्य प्रवर्तकांत ज्यांचा प्रामुख्याने निर्देश करावा लागतो, ते ब्राझ गोन्साल्विस हे गोमंतकीय सॅक्सोफोनवादक होत. ‘द ब्राझ गोन्साल्विस सेव्हन’ या त्यांच्या संचाची ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची कामगिरी मात्र सुटी काढून सांगता येत नाही. गोव्यातील चर्चशाळा, मुंबईतील हॉटेले आणि हिंदी चित्रपटांची ध्वनिमुद्रणगृहे अशा तीन ठिकाणी घडलेली वादकांची परंपरा तिच्यामागे उभी आहे, आणि त्या परंपरेतील बहुसंख्य वादकांची नावे कोठेही छापली गेली नाहीत.

सॅक्सोफोन हे वाद्य आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने तयार केले व १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे एकस्व मिळविले. हे वाद्य पितळी असले, तरी वेताच्या पट्टीमुळे त्याची गणना लाकडी सुषिरवाद्यांत करतात. मूळ लष्करी बँडसाठी योजलेले हे वाद्य विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी जॅझचे प्रमुख वाद्य बनविले. गोव्यात त्याच्या आगमनापूर्वीच पाश्चात्त्य संगीताचा पाया पक्का झालेला होता. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, समूहगायन व व्हायोलिन यांचे शिक्षण मिळे. उपासनेसाठी दिलेल्या या शिक्षणाने पुढे अनेकांना उपजीविकेचे साधन दिले. कागदावरील स्वरलिपी प्रथमदर्शनी वाचून वाजविणारा वादक ब्रिटिश हिंदुस्थानात दुर्मिळ होता. म्हणून सर्कशी, मूकपटगृहे, संस्थानिकांचे बँड आणि नृत्यगृहे येथे गोमंतकीयांना मागणी आली. मुंबईत त्यांचा मुक्काम बहुधा गावोगावच्या मंडळींनी धोबीतलाव-गिरगाव परिसरात चालविलेल्या ‘कुडां’त असे.

या वादकांचा जॅझशी प्रत्यक्ष संबंध आला तो १९३५ नंतर. त्या वर्षी व्हायोलिनवादक लिऑन ॲबी हा आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचे वाद्यवृंद तेथे वाजू लागले. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात वाजविलेला रूडी जॅक्सन आणि रॉय बटलर हे सॅक्सोफोनवादकही या मंडळींबरोबर भारतात होते. स्वदेशातील वर्णभेदाला विटलेल्या या कलावंतांना येथे तुलनेने अधिक मान व स्थिर काम मिळाले. वेदरफर्ड तर १९४५ मध्ये कलकत्त्यातच पटकीने वारला. त्यांच्याकडून गोमंतकीयांनी जे उचलले, ते कागदावर लिहिता येण्याजोगे नव्हते. स्वर किंचित मागे खेचणे, तालाला हेलकावा देणे आणि मुख्य म्हणजे समोर कागद नसताना सुचेल तसे वाजविणे, हे त्यांना ऐकूनच आत्मसात करावे लागले. वाचनात तरबेज असलेल्या वादकास ही गोष्ट किती अवघड वाटली असेल, याची कल्पना करता येते.

हळदोणे येथील आंतोनियो शाव्हियर वाझ (१९१६–६७) हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले व त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांना त्यांनी वाद्यवृंदरचनेत साहाय्य केले. भगवान यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटातील एका नृत्यगीतात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. पडद्यावर दिसण्याचे हे भाग्य अपवादात्मकच. मुंबई राज्यात १९५० पासून दारूबंदीचा अंमल कडक झाल्यावर रात्रीची नृत्यगृहे मंदावली आणि वादक ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. सिबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांसारखे संयोजक संगीतकाराची चाल ऐकून शंभर वादकांसाठी स्वरलिपी लिहीत. पण श्रेयनामावलीत फार तर ‘सहायक’ एवढाच उल्लेख होई आणि वादकांचा तोही होत नसे. मोबदला रोजंदारीच्या हिशेबाने मिळे. वऱ्हाडातील रिसोडसारख्या, जॅझ हा शब्दही न पोहोचलेल्या गावी रेडिओवरील गीतांच्या मधल्या तुकड्यांतून सॅक्सोफोन ऐकला जात होता. वाजविणारा कोण, हे ऐकणाऱ्यास कळण्याची सोय नव्हती.

राग आणि जॅझ यांची सांगड घालण्यात एक मूलभूत अडचण आहे. जुन्या जॅझमधील उत्स्फूर्त वादन ठराविक क्रमाने बदलणाऱ्या स्वरसंघातांवर आधारलेले असते; रागाला स्वरसंघात मानवत नाहीत. त्याचा आधारषड्ज अचल असतो आणि त्याचे रूप आरोह-अवरोह, वादी-संवादी व मींड यांतून प्रकट होते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन जॅझमध्ये एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची पद्धत पुढे आली आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याने १९६१ मध्ये ‘इंडिया’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर व जमेकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ सादर केली. मुंबईत याहीपूर्वी, १९५८ मध्ये, माजोर्डे येथील व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी रागाधारित रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या होत्या. त्या जॅझ नव्हत्या, पण वाट तीच होती. शंकर-जयकिशन यांच्या ‘राग-जॅझ स्टाइल’ (१९६८) या मुद्रिकेत रईस खाँ यांच्या सतारीसमवेत मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. तीत रागांची मांडणी आकर्षक आहे, तथापि ती बरीचशी आधी लिहून बांधलेली वाटते.

ब्राझ गोन्साल्विस यांचे वेगळेपण येथेच आहे. संगीतकाराने नेमून दिलेला तुकडा वाजविण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या नावाच्या संचातून रागाचे स्वर हे उत्स्फूर्त वादनाचे साहित्य म्हणून हाताळले. कलकत्त्यातील पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’ या उपाहारगृहात गायिका पॅम क्रेन व दार्जिलिंगचे पियानोवादक लुई बँक्स (जन्म १९४१) यांच्यासह त्यांनी दीर्घकाळ वादन केले. गायिका यव्हॉन या चिक चॉकलेट यांच्या कन्या त्यांच्या पत्नी होत. म्हणजे ताजमहाल हॉटेलातील परंपरेशी त्यांचे नाते घरातलेच होते. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. सॉनी रॉलिन्स हा थोर सॅक्सोफोनवादक पहिल्याच यात्रेत वाजवून गेला. या उपक्रमातूनच पुढे गोन्साल्विस, बँक्स व कर्नाटक संगीताच्या गायिका रमा मणी यांचा संच आकारास आला व त्याने यूरोपातही कार्यक्रम केले. कंठातून येणारे स्वरालाप आणि सॅक्सोफोन यांचा हा संवाद इंडो-जॅझमधील सर्वांत परिपक्व भाग मानावयास हरकत नाही.

याच वाद्याचा उलट दिशेने झालेला प्रवासही लक्षणीय आहे. मंगळूर परिसरातील कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी सॅक्सोफोन थेट कर्नाटक संगीतात आणला, त्यासाठी वाद्यात फेरफार केले आणि १९८० च्या जॅझ यात्रेत अमेरिकन वादक जॉन हँडी याच्यासह वादन केले. आफ्रिकेत कॅमेरूनचा मनू दिबांगो (१९३३–२०२०) याचा इतिहास गोमंतकीयांशी विलक्षण मिळताजुळता आहे. चर्चमधील समूहगायनात त्याचे कान तयार झाले, यूरोपात तो जॅझ शिकला आणि १९७२ च्या ‘सोल मकोसा’ या मुद्रिकेत त्याने दुआला शहरातील नृत्यसंगीत सॅक्सोफोनवर आणले. भेद एवढाच, की ती मुद्रिका त्याच्या स्वतःच्या नावावर जगभर खपली.

मुंबईतील वादकांच्या बाबतीत हिशेब असा सरळ लागत नाही. चर्चगेट भागातील उपाहारगृहांतील वाद्यवृंद १९७० नंतर ओसरले. पुढील दोन दशकांत विद्युत्-कळफलक वाद्यांनी ध्वनिमुद्रणगृहातील मोठे वाद्यवृंद मोडीत काढले. गोन्साल्विस गोव्यास परतले. चित्रपटांसाठी लिहिलेल्या स्वरलिपींचे कागद कामानंतर जपून ठेवण्याची प्रथा नव्हती. त्यामुळे एखाद्या जुन्या गीतातील सॅक्सोफोन कोणी वाजविला, हे ठरविण्यास आजही वृद्ध वादकांची स्मरणशक्ती हाच मुख्य आधार असतो, आणि एकाच तुकड्यासाठी कधीकधी दोन नावे पुढे येतात.