साताऱ्याची चार पत्रं आणि सांगलीची नॅस

घरी नॅस घ्यायची म्हटलं की आपल्यासारख्यांची गाडी लगेच रेडवर येते. दोन डिस्कचा डबा की चार? रेड १ की रेड ५? १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका पेपरात ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक घ्या आणि माहिती अशी वाटून ठेवा, की एखादी डिस्क गेली तरी काम अडू नये. कल्पना झकासच आहे. पण एकच माहिती अनेक ठिकाणी ठेवणं हे आमच्या साताऱ्यात त्याआधी अडीचशे वर्षं रोजचं कारकुनी काम होतं, आणि माझ्या मते ते जास्त विचार करून केलेलं होतं.

शाहू महाराजांच्या काळात (१७०८ ते १७४९) कुणाला जमीन इनाम दिली की एक सनद लिहून भागत नसे. त्याच मजकुराची वेगवेगळी पत्रं निघत. एक खुद्द इनामदाराला, एक गावच्या मोकदमाला, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, एक तिथल्या अंमलदाराला. शिवाय दफ्तरात नोंद. अंमलदारांच्या पत्रात शेवटी सूचना असे, की याची नक्कल उतरून घ्या, अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराकडे परत द्या, आणि दरवर्षी नवीन पत्र मागत बसू नका.

गंमत बघा, ही पत्रं चार वेगळ्या घरांत जात, आणि त्या घरांचे हितसंबंधही वेगळे! इनामदाराने बिघ्याचा आकडा वाढवला तर मोकदमाचं पत्र बोंब मारणार. साध्या रेड १ मध्ये हे होत नाही. दोन डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या तर खरी कुठली, हे त्या बिचाऱ्या डब्याला कळत नाही. तुम्ही फाईल उडवलीत, तर ती दोन्हीकडून तितक्याच इमानदारीने उडते.

आता मिरजेकडे या. पानिपतानंतरच्या काळातली पटवर्धन सरदारांची पत्रं, म्हणजे छावणीतून घरी आलेल्या बातम्या, पैशांची ओढाताण, रुसवेफुगवे, सगळं मोडीत आणि बहुतेक एकेकच प्रत. वाळवीला आणि पावसाला तेवढं पुरे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ती वाचून बाळबोधीत उतरवली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला सुरुवात केली. १९२४ साली ते गेले, तोवर हे काम चालू होतं. पत्रं छापली गेली आणि त्यांच्या प्रती गावोगावच्या वाचनालयांत पोचल्या. आज मोडी न येणारा माझ्यासारखा माणूस ती वाचू शकतो, हा तर बोनस. उघडता न येणाऱ्या फॉरमॅटमधल्या बॅकअपचा तसा उपयोग काय?

हे सगळं आठवायचं कारण सांगलीचा पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागात मामाच्या घरी खालच्या खोलीतलं लोखंडी कपाट पूर्ण पाण्याखाली होतं. आजोबांचे अल्बम, घराची कागदपत्रं, सगळ्याचा लगदा. त्या कपाटात चार डिस्कची नॅस असती तर चारही डिस्क एकदमच बुडाल्या असत्या. रेड ६ असतं तरी.

तर वाचलेले फोटो आणि कागद स्कॅन करून झाल्यावर मामासाठी दोनच डिस्कचा डबा घ्यायचं ठरलं आहे. तो वरच्या मजल्यावर राहील. चार डिस्कचा डबा न घेतल्याने जे पैसे वाचतील त्यात एक बाहेरची हार्ड डिस्क. ती साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी काकूकडे. कृष्णा खाली माहुलीला आहे, तिथवर काही चढत नाही. दर गणपतीला नि दिवाळीला कुणीतरी सांगलीहून येतंच, तेव्हा नवीन नक्कल उतरून घ्यायची. काकूने टीव्हीखालचा ड्रॉवर रिकामा करून दिला आहे, फक्त त्यातली विजेची बिलं हलवायची नाहीत या अटीवर :)