जुडी आणि सुटी वाहिनी

हिंदुस्थानांतील दूरचित्रवाणीच्या ग्राहकास हव्या त्या एका वाहिनीपायीं नको असलेल्या अनेकींची जुडी बहुधा घ्यावीच लागे. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नवे नियम अमलांत आले: शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचें शुल्क, कर वगळून, दरमहा फार तर १३० रुपये; सशुल्क वाहिन्यांचें मोल निराळें. निवडीचा हक्क कागदावर तरी मिळाला! परंतु जुडीवर शेंकडा १५ हून अधिक सूट नसावी, हें खरें मर्माचें कलम मद्रास उच्च न्यायालयानें २०१८ सालींच मनमानी ठरविलें होतें. मग सूट शेंकडा ७० पर्यंत गेल्याचें प्राधिकरणासच नमूद करावें लागलें. सुट्या वाहिन्या वेंचणारा चोखंदळ गृहस्थच तोट्यांत आला. नोव्हेंबर २०२२ मध्यें शेंकडा ४५ ची मर्यादा ठरली. तोंवर जुडी घरोघर रुळली होती.