ऐशीं दिवसांची नोकरी

नोकरी सोडून गांवीं जावें, चार बिघे जमीन करावी आणि उरलेलें आयुष्य निवांतपणें घालवावें, असें ज्याच्या मनांत कधींच आलें नाहीं असा शहरी नोकरदार विरळा. बहुतेकांचा हा बेत मनांतल्या मनांतच जिरून जातो. ज्यानें तो खरोखर तडीस नेला आणि त्यापायीं पुढें बावीस वर्षें पडेल ती किंमत मोजली, असा एक पुरुष चीनच्या इतिहासांत होऊन गेला. त्याचें नांव ताओ युआनमिंग.

ताओचा जन्म इ. स. ३६५ च्या सुमारास, यांगत्से नदीच्या दक्षिणेस, लूशान पर्वताच्या परिसरांतील छाइसांग येथें झाला असें मानतात. हा प्रदेश आजच्या जियांगशी प्रांतांत येतो. तो काळ पूर्व जिन राजवटीचा. उत्तर चीन परकीयांच्या हातीं गेलेला, राजधानी दक्षिणेस आजच्या नानजिंग येथें हलविलेली, आणि गादी बादशहाची पण तलवार सेनापतींची, अशी स्थिति होती. याच राजवटीचा नामांकित सेनापति ताओ खान हा त्याचा पणजोबा म्हणून सांगतात. परंतु तीन पिढ्यांत घराण्याचें वैभव ओसरलें आणि ताओच्या वांट्यास कुलाभिमान व थोडीशी जमीन एवढेंच आलें. विद्या शिकलेल्या चिनी गृहस्थास त्या काळीं उपजीविकेचा प्रतिष्ठित मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे सरकारी अधिकार.

वयाच्या २९ व्या वर्षीं त्यानें प्रांतिक कचेरींतील एक जागा पत्करली आणि थोड्याच दिवसांत ती सोडली. पुढील दहा-बारा वर्षें अशाच येरझारांत गेलीं. घरांत धान्य संपलें कीं नोकरी धरावी, आणि मन विटलें कीं घरीं परतावें! या काळांत तो हुआन श्वान या सेनापतीच्या पदरीं होता. त्याच हुआन श्वाननें इ. स. ४०३ च्या अखेरीस गादी बळकाविली. दुसऱ्याच वर्षीं लिउ यू या सेनापतीनें त्याचा पाडाव केला, आणि ताओनें या लिउ यूच्याही कचेरींत कांहीं काळ काम केलें. पुढें इ. स. ४२० मध्यें लिउ यूनेंच जिन राजवट बुडवून स्वतःचें राज्य स्थापिलें. ज्यांचें अन्न खाल्लें ते दोन्ही धनी राज्यबुडवेच निघाले.

इ. स. ४०५ च्या शरदऋतूंत एका नातलगाच्या वशिल्यानें त्यास पेंगत्से येथील दंडाधिकाऱ्याची जागा मिळाली. गांव घरापासून शंभर चिनी मैलांवर, आणि मद्यापुरतें धान्य सरकारी जमिनींतून मिळण्याची सोय! ही जागा त्यानें ऐशींहून थोडे अधिक दिवस सांभाळली.

त्यानें ती कां सोडली याची प्रसिद्ध कथा शेन युए या इतिहासकारानें इ. स. ४८८ मध्यें पुऱ्या केलेल्या ग्रंथांत आहे. वरिष्ठ कचेरीचा एक तपासनीस गांवीं यावयाचा होता. कमरपट्टा बांधून रीतसर पोशाखानें सामोरें जावें, असें कारकुनानें सुचविलें. तेव्हां पांच मापें तांदळाच्या पगारासाठीं कोणापुढें कंबर वांकविणें आपल्यानें होणार नाहीं, असें म्हणून ताओनें त्याच दिवशीं शिक्का उतरवून ठेविला. हा प्रसंग चीनमध्यें म्हणीसारखा रूढ झाला आहे.

तथापि ताओनें स्वतः दिलेलें कारण निराळें आहे. घरीं परतण्याविषयीं त्यानें रचलेल्या प्रसिद्ध काव्याच्या प्रस्तावनेंत, वूचांग येथें बहीण वारल्यामुळें आपण राजीनामा दिला, असें तो सांगतो. तपासनिसाचें तेथें नांवही नाहीं. उलट काव्यांत शोकाऐवजीं सुटकेचा आनंदच ओसंडतो. त्यामुळें बहिणीचें निधन हें निमित्त असावें, अशी शंका टीकाकारांस येते. शेन युएच्या कथाही जपूनच घ्याव्या लागतात. अधिकारावर असतांना ताओनें सरकारी शेतांत बहुतेक मद्याचाच भात पेरविला, आणि पत्नीनें आग्रह धरला तेव्हां थोडा खाण्याचा, असें तो लिहितो. पण शरदाच्या मध्यापासून हिंवाळ्यापर्यंतच्या त्या ऐशीं दिवसांत भाताची पेरणी होत नाहीं! तात्पर्य, एका वाक्यानें नोकरी सुटली असें मानण्यापेक्षां, बारा वर्षांचा वीट, डोळ्यांदेखत चाललेली सत्तेची झोंबाझोंबी आणि एखादें तात्कालिक निमित्त, अशीं तिन्ही कारणें एकत्र आलीं असें म्हणणेंच अधिक सयुक्तिक होय.

कथा बहुधा येथेंच संपविली जाते. वास्तविक खरी कसोटी पुढें लागली. दहाएक चिनी बिघे जमीन, आठनऊ गवती खोल्या आणि पांच मुलगे, एवढा त्याचा संसार. इ. स. ४०८ च्या उन्हाळ्यांत घर जळून खाक झालें आणि कुटुंबास दारापुढील नावेंत आसरा घ्यावा लागला. उतारवयांत तर अन्नासाठीं दुसऱ्याचें दार ठोठावण्याची पाळी आली, आणि त्यावरही त्यानें संकोच न धरतां कविता लिहिली. मुलांस लिहिलेल्या एका पत्रांत, आपल्या स्वभावापायीं त्यांस लहानपणापासून भूक व थंडी सोसावी लागली, अशी खंत त्यानें उघड बोलून दाखविली आहे. आपल्याकडील वानप्रस्थ संसाराचा भार पुत्रावर सोंपवून वनांत जातो. ताओनें अधिकार सोडला, संसार सोडला नाहीं. म्हणून त्याच्या स्वातंत्र्याची किंमत घरांतील सर्वांनींच भरली.

तरीही तो परत गेला नाहीं. प्रांताधिकारी तान दाओजी यानें धान्य व मांस देऊं केलें. तें त्यानें नाकारलें. स्नेही येन येनची यानें वीस हजार नाणीं दिलीं. तीं मात्र घेतलीं आणि सगळीं मद्याच्या दुकानीं जमा करून ठेविलीं! अधिकाऱ्याचें दान आणि मित्राचें प्रेम यांतील भेद तो पुरता जाणून होता. इ. स. ४२७ मध्यें तो निवर्तला.

शतकभरानें राजपुत्र शियाओ तोंग (५०१–५३१) यानें त्याच्या रचना संग्रहित केल्या. अकराव्या शतकांत सू शी या महाकवीनें, स्वतः हद्दपारीचे दिवस कंठीत असतां, ताओच्या यमकांस यमक जुळवून शंभराहून अधिक कविता रचिल्या. आयुष्यभर सरकारी चाकरींत राहिलेल्या कित्येक चिनी पंडितांनीं ताओस आपला आदर्श मानलें, यांत नवल नाहीं. त्यांस जें साधलें नाहीं तें त्यानें केलें होतें.

लोकांच्या स्मरणांत राहिला तो न वांकलेल्या कंबरेचा एक दिवस. परंतु तो दिवस मानी मनुष्यास अवघड नव्हे. घर जळालें, पोटांत अन्न नाहीं, मुलें थंडीनें कुडकुडत आहेत आणि अधिकाराचें दार अद्याप उघडें आहे, अशा स्थितींत बावीस वर्षें नांगराची मूठ न सोडणें, हें त्याहून फार कठीण; आणि ताओची थोरवी मोजावयाची तर ती याच मापानें मोजली पाहिजे.