शिरक्याची कुळकथा

कांद्याच्या चकत्यांवर आपण शिरका, म्हणजेच व्हिनेगर, शिंपडतो. त्याची कुळकथा ऐकण्याजोगी आहे. दारू उघडी राहिली की आंबते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. फ्रेंच लोकांनी तर त्याचे नावच मुळी ‘आंबट दारू’ असे ठेवले!

१५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगिजांच्या घरी मांस द्राक्षाची दारू व लसूण यांत मुरवून टिकवीत. गोव्यात द्राक्षे कोठली? माडाची सूर मात्र मुबलक. ती आंबवून शिरका झाला आणि त्यातून ‘विंदालू’ जन्मले. त्यातला ‘आलू’ बटाट्याचा नव्हे हो, पोर्तुगीज लसणीचा!

दारू आंबते का, हे १८६४ साली लुई पाश्चर यांनी उलगडले. तिच्यावर पातळ साय धरते, ती सूक्ष्म जीवांची. हवेच्या साहाय्याने तेच मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात. गंमत अशी की, हेच आम्ल १८४५ सालीच जर्मनीच्या कोल्बे यांनी निर्जीव द्रव्यांपासून बनविले होते.

म्हणून आज दुकानात दोन कुळांच्या बाटल्या शेजारी बसतात: एक आंबवलेली, दुसरी आम्लात पाणी घातलेली. दुसरीवर ‘सिंथेटिक’ असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. दोन्हींत आम्ल शेकडा चार-पाचच्या आसपास असते. कारखान्यातले निर्भेळ आम्ल मात्र निराळे. सतरा अंशांखाली ते बर्फासारखे गोठते आणि थेंब पडला तरी कातडी भाजते. ते स्वयंपाकघरात आणूच नये.