टाकळीच्या थरांची साक्ष

ज्यावर मिती नाहीं असा जुना कागद हातीं आला, म्हणजे इतिहासकार आंत आलेलीं नांवें प्रथम पाहतो. नाना फडणिसांचा कारभारी म्हणून उल्लेख असेल, तर तो कागद त्यांच्या कारभाराच्या आधींचा नव्हे, एवढें निश्चित होतें. भूस्तरांचें वयहि बरेंचसें याच रीतीनें ठरतें. थर उलथेपालथे झाले नसतील तर खालचा आधींचा व वरचा नंतरचा, हें उघड आहे. परंतु शेंकडों मैल दूरच्या दोन थरांचा काळ जुळवावयाचा कसा? इंग्लंडांत कालव्याच्या कामावर मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथला अठराव्या शतकाच्या अखेरीस आढळलें कीं, प्रत्येक थराचे जीवाश्म निराळे असून त्यांचा अनुक्रम ठिकठिकाणीं तोच असतो. तेव्हांपासून जीवाश्म हे खडकांचे साक्षीदार ठरले. ते वर्षें सांगत नाहींत. आधीं कोण व मागून कोण, एवढेंच सांगतात.

महाराष्ट्राचा काळा कातळ या बाबतींत मुका आहे. तो लाव्हारसाचा, त्यांत जीवाची खूण कोठून राहणार? पण दोन उद्रेकांमध्यें दीर्घ उसंत पडे. थिजलेल्या लाव्ह्यावर तळीं सांचत, त्यांच्या गाळांत शिंपले, फळें, बिया रुतत, आणि पुढचा लोंढा त्यांवर येऊन थिजे. नागपूरजवळच्या टाकळीचे असे आंतरथर स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनीं तपासले, आणि १८५५ सालीं लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकांत त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें.

त्यांनीं हे थर इओसीन, म्हणजे डायनोसॉर नाहींसे झाल्यानंतरच्या काळांतले मानले. पुढें सरकारी भूसर्वेक्षण खात्याच्या विद्वानांनीं ते त्याहून जुन्या क्रिटेशस काळांत ढकलले. १९३४ पासून बिरबल साहनी यांनीं पुन्हां इओसीनचा पक्ष उचलून धरला. त्यांचा आधार वनस्पतींचा होता: या थरांत ताडवर्गीय वृक्षांची रेलचेल आहे, व अशी वनश्री नंतरच्याच काळास शोभते. परंतु १९८० नंतरच्या दशकांत नागपूर परिसरांतल्या आंतरथरांतून डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे निघाले, आणि पारडें फिरलें.

दोन्ही साक्षींचें मोल सारखें कां नव्हे? एखाद्या कुळाचा उदय नव्या शोधाबरोबर मागें सरूं शकतो. ताडवर्गीय वृक्ष क्रिटेशस काळांतहि होते, हें आतां सर्वमान्य आहे. डायनोसॉरचा अंत मात्र जगभरच्या थरांत एकाच मर्यादेशीं येऊन थांबतो. म्हणून त्यांचें नाजूक कवच जेथें जागचे जागीं सांपडतें, तो थर त्या मर्यादेच्या अलीकडे आणतां येत नाहीं.

तथापि साहनींचा पक्ष सर्वस्वीं निराधार नव्हता. राजमहेंद्रीच्या आंतरथरांत जे सूक्ष्म सागरी जीव सांपडले, ते डायनोसॉरच्या अंतानंतर लगेच आलेल्या पॅलिओसीन काळाच्या आरंभींचे आहेत. वर्षांचा आंकडा शेवटीं त्या मुक्या कातळानेंच दिला: त्यांतील किरणोत्सारी द्रव्यांच्या मोजणीवरून मुख्य उद्रेक सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचे ठरतात. उभय पक्ष सगळें पठार एका रेषेच्या अलीकडे कीं पलीकडे, यावर भांडत होते. ती रेषा पठाराच्या थरांमधूनच गेली आहे. एका कागदावरून जसा सगळ्या दप्तराचा काळ ठरवूं नये, तसा टाकळीच्या थरावरून सगळ्या दख्खनचा ठरवूं नये.