शिलेदार की बारगीर?

मराठ्यांच्या फौजेसंबंधी बोलावयाचे म्हणजे सभासदाच्या बखरीपासून आरंभ करावा, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. मी मात्र आज आकुर्डीपासून आरंभ करणार आहे. २०२३ च्या अखेरीस बजाजच्या विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचा ‘अर्बेन’ नावाचा प्रकार बाजारात आला. त्याची विक्री दोन तऱ्हांनी होऊ लागली. साध्या अर्बेनचा कमाल वेग ताशी ६३ किलोमीटर, आणि काही हजार रुपये अधिक मोजून ‘टेकपॅक’ घेतला तर तोच वेग ७३ किलोमीटर. शिवाय चढावर थांबलेली गाडी मागे घसरू न देणारी योजना, जोमाने धावण्याची ‘स्पोर्ट’ चाल आणि मोबाइलशी जोडलेल्या साऱ्या सोयी. मोटार तीच, बॅटरी तीच. हे वरचे दहा किलोमीटर कोणी लोखंड घालून बसविलेले नसतात. ते गाडीत असतातच. त्यांच्यावर आज्ञावलीचे कुलूप असते, आणि पैसे भरले की ते निघते.

यात आकुर्डीने काही जगावेगळे केले असे समजू नये. २०२१ साली जर्मनीत मर्सिडीजने आपली ‘ईक्यूएस’ ही विजेची मोटार आणली. तिची मागची चाकेसुद्धा वळतात. साधारणतः ती साडेचार अंशांपर्यंत वळत. दहा अंशांपर्यंत वळवावयाची असतील तर वर्षाला ४८९ युरो भरावे लागत. चाके वळविणारे यंत्र दोन्ही गिऱ्हाइकांच्या गाडीत एकच. हीच ईक्यूएस पुढे २०२२ पासून आपल्या चाकणला जुळविली जाऊ लागली, म्हणून तिचा उल्लेख केला. बीएमडब्ल्यूने तर बैठक ऊबदार करणारी तार बैठकीत आधीच घालून ठेवली आणि काही देशांत तिच्यासाठी महिन्याचे भाडे मागितले. २०२२ मध्ये कोरियातील या भाड्याची बातमी जगभर पसरली, लोक संतापले, आणि २०२३ मध्ये कंपनीने तो विचार सोडून दिला.

या सगळ्या प्रकाराकडे पाहताना मला मराठ्यांच्या घोडदळातले दोन शब्द आठवतात. शिलेदार आणि बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळतो, तो बारगीर. शाळेच्या पुस्तकात हा भेद एका ओळीत उरकतात, परंतु त्याच्या पोटात मालकीचा एक सबंध विचार आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. ही शेवटची दोन माणसे मला फार महत्त्वाची वाटतात. घोडा सरकारचा असेल तर त्याला पाणी पाजणे, नाल ठोकणे, पावसाळ्यात छावणीत दाणावैरण पुरविणे, हे सरकारचे काम. घोडा मेला तर नुकसान पागेचे. बारगिराचा पगार शिलेदारापेक्षा कमी असे. त्याने तक्रार कशाची करावी? त्याने घोड्यात एक होनही घातलेला नव्हता. घोडा कोठे न्यावयाचा, केव्हा सोडावयाचा, हे दुसऱ्याने ठरविले तर त्यात अन्याय नव्हता.

शिलेदाराचे उलट. घोडा त्याने विकत घेतलेला, दाणा त्याचा, खरारा त्याचा. म्हणून त्याला पगार अधिक. घोडा गेला की बहुधा त्याचे भांडवलच गेले. भरपाई मिळावयाची तर ती करारात असेल तेवढी. साहजिकच तो घोडा जपून वापरी, आणि त्याबद्दल त्याला भित्रा म्हणणे मला कधीच पटलेले नाही. ज्याच्या संसाराचा आधार चार पायांवर उभा आहे, तो तोफेच्या तोंडासमोर विचार करणारच! परंतु ही जोखीम ज्याच्या माथी, त्याच्याच हाती लगाम. चाकरी पटली नाही तर तो घोड्यासह निघून दुसऱ्या सरदाराकडे जाई. सभासद सांगतो की महाराजांनी शिलेदारही पागेच्या आज्ञेत ठेवले. ते खरेच आहे. पण ती आज्ञा चाकरीपुरती होती आणि चाकरीचा पगार मिळत होता. चाकरी सुटल्यावर शिलेदाराचा घोडा अर्ध्याच चालीने धावावा, अशी तजवीज कोणत्याही पागेत नव्हती; ती करता येण्याजोगीही नव्हती. अकबराच्या अमदानीपासून मनसबदारांच्या घोड्यांना डाग देत, ते हजिरीच्या वेळी घोडा बदलू नये म्हणून. डाग कातडीवर असे. तो घोड्याची ओळख पटवी, त्याचा वेग कमी करीत नसे.

सारांशाने सांगायचे तर जुन्या व्यवहारात जोखीम आणि अधिकार जोडीने चालत. आता ऊबदार बैठकीच्या गिऱ्हाइकाकडे पाहा. ती तार त्याने किमतीसह विकत घेतली. तिचे वजन त्याची मोटार वाहते. सबंध गाडीवर कर त्याने भरला, विमा त्याने उतरविला, गाडीला अपघात झाला तर ती तारही त्याच्याच गाडीबरोबर मोडली. म्हणजे जोखीम पुरी शिलेदाराची. परंतु थंडीत बटण दाबताच बैठक तापेल की नाही, हे ठरविणारा दूर कोठेतरी बसलेला. म्हणजे हुकमत बारगिराइतकी. ‘बारगीर’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ओझे उचलणारा असा आहे. न वापरता येणारी तार स्वतःच्या खर्चाने गावभर मिरविणाऱ्या मोटारमालकाला हा शब्द शोभतो, अगदी मूळ अर्थाने.

येथे कोणी म्हणेल की वस्तू आपली असून वापर परवान्याने करावयाचा, हे तर पेशवाईतही होते. होते खरे. पालखीचे उदाहरण घ्या. पैसेवाल्या सावकाराला सुताराकडून पालखी करवून घेणे अवघड नव्हते. पालखीत बसून मिरवण्याचा मान मात्र सरकारातून मिळावा लागे, तसाच अबदागिरीचा, चौरीचा आणि नौबतीचा. वाहन आणि वाहनाचा उपभोग यांत कुलूप घालण्याची विद्या पुण्याला नवी नाही. परंतु या मानात एक गंमत आहे. सरकार जेव्हा पालखीचा मान देई, तेव्हा पुष्कळदा भोयांच्या खर्चासाठी सालीना नेमणूकही बांधून देई. कुलूप उघडणाराच वर पैसे देत असे! मर्सिडीजने चाके वळविण्याबद्दल गिऱ्हाइकाला सालीना नेमणूक दिल्याचे ऐकिवात नाही.

पैसे भरून कुलूप उघडावयाचे, याचे खरे जवळचे उदाहरण वतन-इनामांचे. वतन वंशपरंपरेचे, पण बाप वारला की मुलाने सरकारात नजर भरून ते आपल्या नावे करून घ्यावयाचे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि दक्षिणेतल्या इनामदारांच्या सनदा तपासावयास घेतल्या. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले होते, त्यांची झोप उडाली. या असंतोषानंतर १८६३ चा दुसरा कायदा झाला. त्यात तडजोड अशी की इनामदाराने आकारणीच्या रुपयामागे चार आणे जुडी आणि एक आणा नजराणा दरसाल द्यावा, म्हणजे चौकशी बंद. जमीन वंशपरंपरा त्याची, आणि ती विकण्याचीही मोकळीक. जी जमीन आजा-पणजांपासून कसली, तिचा विक्रीचा हक्क पाच आण्यांनी मोकळा झाला. पुष्कळांनी मुकाट्याने पाच आणे भरले. मीही भरले असते. चौकशीच्या टांगत्या तलवारीपेक्षा पाच आणे स्वस्त!

तरीही इनामदार आणि मोटारमालक यांत एक मोठा फरक आहे, आणि माझे सारे म्हणणे त्या फरकावर उभे आहे. नजराणा घेणारे सरकार हे सरकार होते. बरे असो की वाईट, जमिनीवर त्याचा राजा म्हणून दावा होता. त्याचा कायदा छापलेला होता, दर ठरलेला होता, आणि त्याविरुद्ध अर्ज, सभा, वर्तमानपत्र हे मार्ग होते. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली ती अशाच गाऱ्हाण्यांना तोंड फोडण्यासाठी. मोटारीचा कारखानदार राजा नव्हे. तो विक्रेता आहे. विक्रेत्याने किंमत घेतली की वस्तूवरचा त्याचा हात सुटला, हा बाजाराचा जुना नियम. आपल्या १९३० च्या माल-विक्रीच्या कायद्यातही, विकत घेणाऱ्याला मालाचा निर्वेध उपभोग मिळावा ही हमी कलम १४ मध्ये गृहीत धरली आहे. आता गाडी विकली जाते, परंतु तिच्यातील आज्ञावली ‘वापरावयास दिली’ जाते. घोडा विकला आणि त्याची चाल भाड्याने दिली, असा हा सौदा.

कारखानदाराची बाजू लंगडी आहे असे मात्र नाही. दहा प्रकारच्या तारा दहा प्रकारच्या बैठकांत घालण्यापेक्षा सगळीकडे एकच तार घातली तर कारखाना सोपा होतो आणि खर्च उतरतो. ज्याला ७३ चा वेग नको, त्याने ६३ ची स्कूटर कमी पैशांत न्यावी. लक्ष्मी रस्त्यावर ६३ चा वेग तरी कोणाला मिळतो? टेकपॅकसारखा पैसा एकदाच घेतला आणि खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगितला, तर मी त्याला लबाडी म्हणणार नाही. दर महिन्याचे किंवा वर्षाचे भाडे ही गोष्ट वेगळी. तेथे मालकी कधीच पुरी होत नाही.

या नगरीतल्या ज्येष्ठांना आकुर्डीचे आणखी एक कुलूप आठवत असेल. ते कारखानदाराने घातलेले नव्हते, त्यालाच घातलेले होते. १९७२ साली पहिली पेट्रोलवरची चेतक निघाली, आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. लग्न ठरताना मागणी केलेली स्कूटर मुंजीला आली, असे विनोद तेव्हा चालत. कारखान्याने किती गाड्या काढाव्या हे दिल्लीचा परवाना ठरवी; अधिक काढण्याची ताकद असूनही काढता येत नसे. परकीय चलन भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, आणि ज्याचा नंबर लागे तो कधी कधी वरकड पैसे घेऊन ती दुसऱ्याला देई, त्याला ‘ऑन’ म्हणत. म्हणजे क्षमता होती, गिऱ्हाईक होते, आणि मध्ये कुलूप होते. त्या कुलपाविरुद्ध कारखानदारांनीच सर्वांत मोठा ओरडा केला आणि तो रास्त होता. १९९१ नंतर ते कुलूप गेले. तीस वर्षांनी मोटार-स्कूटरवाल्यांनी त्याच धातूचे एक लहान कुलूप घडवून गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवावे, हा इतिहासाचा खोडकरपणा म्हटला पाहिजे.

या कुलपाचा मासला अमेरिकेत चांगला दिसला. टेस्ला कंपनीने काही मोटारी ६० किलोवॅट-तासांच्या म्हणून विकल्या. बॅटरी ७५ ची होती; वरचा भाग बंद, उघडण्यास काही हजार डॉलर. २०१७ च्या सप्टेंबरात ‘इर्मा’ नावाचे वादळ फ्लोरिडावर आले आणि माणसे गाव सोडून पळू लागली. तेव्हा कंपनीने दुरूनच त्या भागातल्या अशा मोटारींचा बंद भाग काही दिवसांसाठी खुला केला. दया केली, हे कबूल. परंतु ज्याच्या अंगणात गाडी उभी आहे त्याला आपल्याच बॅटरीसाठी दुसऱ्याच्या दयेची वाट पाहावी लागली, हेही त्याच बातमीत आहे. पुढे २०२० मध्ये तेथेच एक जुनी टेस्ला, काही सोयींसह म्हणून, व्यापाऱ्यामार्फत विकली गेली आणि कंपनीने त्या सोयी दुरूनच काढून घेतल्या. नव्या मालकाने पैसे भरलेले नाहीत, हे कारण. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर त्या परत दिल्या. वतनदाराच्या मुलाने नव्याने नजर भरावी, तोच हा न्याय. फरक एवढाच की वतनदाराच्या मुलाला नजर भरावयाची आहे हे आधीपासून ठाऊक असे.

आपल्याकडे जुन्या गाड्यांचा बाजार मोठा आहे. विद्यार्थी, नुकते नोकरीस लागलेले तरुण, फेरीवाले हे दुसऱ्या-तिसऱ्या हाताची गाडी घेतात. गाडी विकणारा आणि घेणारा आर. टी. ओ. च्या कचेरीसाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. घोड्याचा रंग आणि खुणा हजिरीच्या कागदावर उतरवून घेत, तशी गाडीची ओळख त्यांत येते. कोणती सोय विकली, कोणती भाड्याची होती आणि भाडे कोठपर्यंत भरले आहे, याचा रकाना त्या नमुन्यांत अद्याप नाही.